बारीक धार

या हो, असे पुढे सरकून बसा. डोंबिवलीतल्या एका अंघोळीची गोष्ट सांगतो. हातातलं काम राहू द्या घटकाभर.

आवडाबाईंच्या अंगावर साबणाचा फेस तसाच होता आणि गाडीतलं पाणी बंद पडलं.

सिद्धेशची गाडी म्हणजे चाकांवरची न्हाणीच. वागळे इस्टेटमध्ये जुन्या टेम्पोत टाकी, पंप, गिझर बसवून घेतलेली. अंथरुणाला खिळलेल्यांना दारात अंघोळ घालायची. आता पंप नुसता घरघरत होता आणि नळीतून हवा फुसफुसत होती.

"अरे, थांबलास काय?" रंगूबाई ओरडल्या. "पाठीला जखम आहे तिच्या. साबण आत मुरला तर चिघळेल ना!"

"मावशी, बिल्डिंगमधून एखादी बादली..."

"आज पाणीच आलं नाहीये. टाक्या खडखडीत आहेत."

आवडाबाई कण्हल्या. रंगूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "रामकृष्णहरी म्हण गं. होतंय, होतंय."

सिद्धेशने टाकीत बॅटरी मारली. तळाला वीसेक लिटर पाणी होतं, पण गाडी उतारावर उभी. सगळं पाणी पुढच्या कोपऱ्यात, पंपाची नळी मागे. गाडी सपाट करावी, तर धक्क्याने म्हातारी बाकावरून खाली यायची.

"गाडी सपाट करतो, आजींना धरून ठेवाल?"

"माझी काळजी नको. देवाचं नाव घे आणि लाव गाडी."

त्याने पुढच्या चाकांसमोर फळ्या टाकल्या आणि गाडी बोट बोट वर चढवली. आत रंगूबाईंनी दोन्ही हातांनी आवडाबाईंना कवटाळलं होतं. एक हिसका बसला. रंगूबाईंचं कोपर पत्र्यावर आपटलं, मिठी सुटली नाही.

पाणी मागे सरकलं. नळी दोनदा खोकली आणि धार सपकन उडाली.

"दाब कमी कर मेल्या! जखम फाडतोस की काय?"

सिद्धेशने नळीची चावी पिरगळली. धार बारीक झाली. फेस हळूहळू ओघळला, जखम स्वच्छ दिसू लागली, आणि टाकी संपली.

"मावशी, आईचं एवढं करणारी लेक मी पहिल्यांदाच बघतोय."

"बडबड पुरे. टॉवेल दे."

तर मंडळी, उद्या अंगावर पाणी घ्याल तेव्हा रंगूबाईंना आठवा. आवडाबाईंची ती ना लेक, ना सून. वरच्या मजल्यावरची शेजारीण, जिच्या नळाला याच आवडाबाईंनी, सोसायटीच्या चेअरमन असताना, अकरा वर्षं थेंबभर पाणी चढू दिलं नव्हतं.