मागचा सेन्सर

शनिवारी वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, माझ्या गाडीच्या मागच्या सेन्सरला नवा व्होल्टेज रेग्युलेटर बसवला. तरी मी गाडी मागे घेताना ते नेहमीसारखे मागे उभे राहून ओरडलेच, "येऊ दे, येऊ दे!"

रविवारी ते गेले.

तेव्हापासून शिरगावच्या आमच्या पार्किंगमध्ये मागे कोणी नसताना सेन्सर वाजतो.

कॅम्प तीनमधल्या गॅरेजातले त्यांचे भागीदार नरेंद्रकाका यांनी रेग्युलेटरच काढून माझ्या हातात दिला. "सेन्सरला आता करंटच नाही, बेटा. वाजून दाखव म्हणावं!"

आज मी ठरवूनच रिव्हर्स टाकला आणि ब्रेक दाबून धरला. गाडी हलली नाही. तरी बीप सुरू झालं, आणि कोणी चालत जवळ यावं तसं भराभर होत गेलं. आरशात नुसती भिंत होती.

मी काच खाली केली.

"आण्णा, मला एकटीला जमतं. कधीपासून जमतं."