एकोणचाळीस खोटे श्रोते

ऑनलाइन रेडिओवर आपलं पहिलंवहिलं गाणं वाजावं म्हणून निरंजनने चिपळूणच्या बबनपासून दुबईच्या सुलोचनाकाकूंपर्यंत एकोणचाळीस श्रोते स्वतःच जन्माला घातले आणि प्रत्येकाच्या नावाने फर्माइश पाठवली. बबनने तर घरच्यांच्या नावांत म्हशीचंही नाव घातलं होतं.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. "मंडळी, या गाण्याला चाळीस फर्माइशी आल्यात," निवेदिका म्हणाली.

निरंजन चमकला. चाळीस?

"पण कुणीतरी खोट्या नावांनी पाठवतंय हो! हा नमुनाच ऐका: 'मिरजेहून गानूबाई, वय एक्क्याऐंशी. निरंजनला सा लावायला मीच शिकवलं. फोन कानाशी धरून बसले आहे, गाणं लावा.' अहो, निदान पटेल असं तरी लिहा! सगळ्या फर्माइशी बाद."

निरंजनचे कान तापले. चाळिसांत तेवढी एकच खरी होती. निवेदिकेला सगळं सांगून टाकावं म्हणून त्याने फोन उचलला, तोच तो वाजला.

"निरू, त्या मुलीला मी खोटी वाटतेय रे," गानूबाई कासावीस होऊन म्हणाल्या. "माझ्यापायी तुझं गाणं अडलं. आधार कार्ड कुठं पाठवू?"