मान वळवणारा सिंह

प्लोवदिवच्या टायरच्या गोदामात टोळीचा मालक क्रुम यानं पुन्हा एकदा पाना हाणला आणि ड्रायव्हर रादोस्लावचे दात फरशीवर सांडले. टोळीच्या या माणसाच्या खिशात पोलिसाचं ओळखपत्र सापडलं होतं.

"खोटंय ते, दादा! आईशप्पथ खोटंय!" रादोस्लाव रक्त थुंकत म्हणाला. "बाजारात घेतलं. गाडी कुठंही लावता येते म्हणून!"

क्रुमनं राकिया दारूचा घोट घेतला आणि कार्ड खिडकीतल्या उन्हात तिरकं धरलं. होलोग्राममधला सिंह चमकला, त्यानं सावकाश मान वळवली आणि जबडा उघडला.

"असेन, हे तुझं काम?"

असेन कोपऱ्यात उभा होता. टोळीची सगळी खोटी कार्डं तोच बनवायचा. हेही त्यानंच बनवलं होतं, पण मालकापासून लपवून. आणि अशी बाहेरची कामं करणाऱ्याची बोटं क्रुम याच पान्यानं ठेचायचा. असेननं 'च्क' करत नकारार्थी हनुवटी वर उडवली.

"तुझं कसलं असणार म्हणा! तुझा सिंह म्हणजे गटारातलं मांजर," क्रुम खेकसला. "हा बघ, कसा जिवंत आहे! असा सिंह सरकारच काढू जाणे."

आणि त्यानं रादोस्लावच्या कपाळात गोळी घातली.

असेननं खाली पडलेलं कार्ड उचललं, त्यावरचं रक्त बाहीला पुसलं.



इतक्या वर्षांत मालकानं त्याच्या कामाची तारीफ केली, ती ही पहिलीच.