पूर्ण दोन मिनिटं

"पोटात काहीच वाजत न्हाई, मॅडम," हुमा म्हणाली, आणि करीमचाचांनी घोडीच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा सोडायला घेतला.

उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजचं अंगण, कडुलिंबाची सावली. सुलताना मान खाली घालून उभी. काल वरातीत कुणीतरी हौसेनं तिला टोपलंभर बुंदी चारली होती. पहाटेपासून ती सारखी पोटाकडं वळून बघत होती. चाचांच्या दोन घोड्या अशाच गेलेल्या. आतडं थंड पडलं, पोट वाजायचं थांबलं की घोडी गेली, एवढं त्यांना ठाऊक होतं.

महामाया मॅडमनी हुमाला विचारलं, किती वेळ ऐकलंस?

हुमानं खरं ते सांगून टाकलं. पाऊण मिनिट असेल. प्रवेश परीक्षेसाठी लातूरच्या क्लासनं दोन वर्षं हेच तर घोटून घेतलेलं: प्रश्न पाऊण मिनिटात सुटला तर ठीक, न्हाई तर पुढचा प्रश्न. मागं पोरं फिसकन हसली. त्यांतला आदर्श म्हणाला, "रँकवाली हाय. घोडीनंच घाई कराया पायजे."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या हातात जाड वही होती. सात वर्षांत दोनशे धडधाकट घोड्यांच्या पोटांचे आवाज त्यांनी स्वतः कान लावून त्यात मोजून ठेवले होते. उजव्या कुशीतला मोठा आवाज, त्या म्हणाल्या, चांगल्या घोडीतही मिनिट-दीड मिनिटातून एकदाच येतो.

"घड्याळ लाव. पूर्ण दोन मिनिटं. अन् कुणी बोलायचं न्हाई."

हुमानं स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घातल्या. चाचांनी घुंगरं दोन्ही मुठींत गच्च आवळली, एकसुद्धा वाजू नये म्हणून.

पाऊण मिनिटाला हुमाचा हात सवयीनं उचलला गेला. तिनं तो परत टेकवला. एक मिनिट. सुलतानाच्या कातडीवर माशी बसली, उडाली. हुमाचे ओठ सेकंद मोजत होते. मग ते मध्येच थांबले.

"आला," ती हळूच म्हणाली. "मोरीत पाणी उतरावं तसा."

मॅडमनी वहीत आकडा लिहिला आणि सलाईन आणायला सांगितलं.

"बेटी, एक बस झाला का?" चाचांनी विचारलं. त्यांची मूठ सैल झाली होती. एक घुंगरू वाजलं.

"पोटाच्या अजून तीन जागा ऐकायच्या हायत, चाचा," हुमा म्हणाली, आणि घोडीच्या दुसऱ्या अंगाला गेली.

चाचांनी घुंगरं पुन्हा मुठीत धरली.