काहीच नाही जी

दहावीची परीक्षा तोंडावर आली आणि नेमके रिंकीचे डोळे गेले म्हणे! तिच्या आईला, रुक्माला, हे काही केल्या पटत नव्हतं. त्यात गोंदियाच्या डॉक्टरनं दोनदा तपासून सांगितलं होतं, "आँखें तो बिलकुल ठीक हैं. घर में कुछ हुआ क्या?"

"काहीच नाही जी," रुक्मा झटकन बोलून गेली होती. पोरीचं सोंग उघडं पाडायचं, हे तिनं तिथंच मनाशी पक्कं केलं.

आज तिनं सुपातल्या तांदळात मूठभर खडे कालवले आणि सूप लेकीपुढं सरकवलं. "निवड वो बाई." रिंकी नुसती बोटं फिरवत राहिली. अगदी वर पडलेला काळा खडासुद्धा तिनं उचलला नाही.

"काऊन वो, मुद्दाम करून राहिली ना?"

"मले खरंच दिसत नाही, माय."

रुक्मानं चरफडत सगळे खडे स्वतःच वेचले आणि भात रांधला. तरी एक राहिलाच. संध्याकाळी नवरा जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला त्याच्या दाताखाली तो कचकन आला. ताट बाजूला सारून त्यानं नेहमीसारखा रुक्मावर हात उगारला. रुक्मानंही नेहमीसारखीच मान फिरवली, तर समोर कोपऱ्यात रिंकी बसलेली.



काहीच न दिसणारे आपले दोन्ही डोळे तिनं गच्च मिटून घेतले होते.