बारा जणींचा फोटो

स्पेअर पार्टच्या खोलीत अकरा गणवेश टांगले होते. बस डेपोच्या साहेबांनी ते कालच धुऊन, इस्त्री करून आणवले होते. दोन वर्षांपूर्वी शहराने निम्म्या बसवर बायका ड्रायव्हर नेमायचं ठरवलं, तेव्हा या डेपोत पहिल्या बारा जणी आल्या. त्यांतल्या अकरा एकेक करून नोकरी सोडून गेल्या. जाताना गणवेश परत करावा लागतो.

बारावी अजून टिकून होती. डेपोत तिला सगळे ताई म्हणत. आज मुख्य कार्यालयातल्या मॅडम बायका ड्रायव्हरांना भेटायला येणार होत्या, बातमीसाठी फोटोही निघणार होता. अकरा जणी गेल्याचं साहेबांनी वर कळवलंच नव्हतं, तिथल्या कागदावर अजून बाराच जणी होत्या. साहेबांनी मग तोड काढली. चारशे माणसांच्या डेपोत ताईला सोडून बायका निघाल्या आठ. झाडणाऱ्या तिघी, तिकीट खिडकीवरच्या दोघी, दोघी टायपिस्ट आणि कँटीनची मावशी. त्या आठ जणींनी गणवेश घालून रांगेत उभं राहायचं. उरलेल्या तिघी फेरीवर गेल्यात, असं सांगायचं.

सकाळीच साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. आवाज चढवला नाही. पुढच्या महिन्यापासून पहिली पाळी तुलाच देतो म्हणाले. पहिली पाळी म्हणजे दुपारी सुटका, लेकीची शाळा सुटायच्या आत घरी. त्या पाळीसाठी ताई दोन वर्षं मागे लागली होती. तिने मान डोलावली, आणि तेव्हापासून तिला स्वतःचीच चीड येत होती.

मावशीला गणवेश आवळत होता. ताई मागून पट्टा ओढून देत होती. मावशी मात्र खुशीत होती. तिची मुलगी महिनाभरापासून बस चालवायला शिकत होती. लायसन्स हातात पडलं की ती इथेच लागेल, असं मावशीने मनाशी पक्कं धरलं होतं.

"हे अंगात घातलं की पाठ आपोआप ताठ होते गं," ती म्हणाली. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, त्या अकरा जणी गेल्या तरी का? फायलीत सगळ्यांचं घरगुती कारण लिहिलंय म्हणतात.

ताईने पट्ट्याचं भोक शोधता शोधता सांगितलं. पाळी आठ तासांची. मार्गाच्या दोन्ही टोकांना बाईमाणसाने जावं अशी जागा नाही. पुरुष भिंतीआड जाऊन येतात. शेवटच्या थांब्यावर बायकांसाठी एक संडास बांधला होता, त्यात आता जुने टायर भरलेत. तीन अर्ज केले, तिन्ही वाचले की नाही कोण जाणे. म्हणून उठल्यापासून घोटभरही पाणी प्यायचं नाही. उन्हाळ्यात इंजिनाची धग गुडघ्याला लागते, तरीही नाही. एकीला मुतखडा झाला. एकीला स्टिअरिंगवरच भोवळ आली, बसमध्ये साठ माणसं होती. कशीबशी तिने बस कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

पट्टा बसला तरी मावशी पाठमोरीच उभी राहिली.

साडेअकराला नऊ जणी धुतलेल्या बसपुढे रांगेत उभ्या राहिल्या. मॅडम गाडीतून उतरल्या त्या हसतमुख. इतर डेपोंत बायका टिकत नाहीत, इथे मात्र बाराच्या बारा टिकल्या, म्हणून त्यांनी साहेबांचं कौतुक केलं. साहेब विनयाने खाली बघत राहिले. फोटोवाला दूर फाटकापाशी तिपाई लावून बसला होता. अख्खी बस त्याला फोटोत हवी होती.

रांगेच्या टोकाला मावशी होती. मॅडम पहिल्यांदा तिच्यापुढेच थांबल्या आणि कामात काही अडचण येते का म्हणून विचारलं. इथे सगळं घरच्यासारखं आहे, असं साहेबच सांगू लागले.

"आम्ही पाणी पीत नाही, मॅडम," मावशी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, टायरांपासून भोवळीपर्यंत. एकदाही अडखळली नाही. साहेबांनी मध्येच तोंड घातलं, की ही नवीन आहे, हिला अजून काही माहीत नाही.

"किती दिवस झाले तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"आज पहिलाच आहे."

एक टायपिस्ट फिस्सकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात धरला. मॅडम हसल्या नाहीत. त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला ताईपाशी आल्या. तुम्ही तरी इथे पहिल्यापासून आहात ना, ही बाई म्हणते ते खरं का, असं त्यांनी विचारलं.

साहेब ताईकडेच बघत होते. रोज शाळा सुटल्यावर शेजारणीच्या पायरीवर दप्तर मांडीत घेऊन बसणारी लेक ताईच्या डोळ्यांपुढे आली. पहिली पाळी आता काही मिळत नाही, हेही तिला कळलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "सगळंच खरं आहे. पण ती ड्रायव्हर नाही, मॅडम. ह्यांतली कुणीच नाही. मी एकटी आहे."

आधी टायपिस्ट रांगेतून बाजूला झाल्या. मग तिकीट खिडकीवरच्या, मग झाडणाऱ्या. मावशी शेवटपर्यंत थांबली, मग तीही पट्टा सैल करत चालू लागली.

फाटकापाशी फोटोवाल्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्याने कॅमेऱ्यावरून मान वर काढली आणि ओरडून विचारलं, "अहो, बाकीच्या कुठे गेल्या?"