'सी' आणि 'लुक'

गेल्या साली सुकलू जंगलाच्या गाईडच्या परीक्षेत नापास झाला आणि पानठेल्यावर महिनाभर त्याची टर उडाली. साहेबानं एवढंच विचारलं होतं, इंग्रजीतल्या 'सी' आणि 'लुक'मध्ये फरक काय. सुकलू म्हणाला, दोन्हीचा अर्थ पाहणं. साहेबानं पुढच्याला बोलावलं. वाघाचा माग काढण्यात चिमूरकडे सुकलूचा हात धरणारा नाही, पण फॉरेनचे टुरिस्ट येतात म्हणून इंग्रजी पाहिजे म्हणे. घ्या आता.

यंदाही गाईडचा बिल्ला घरात आला नाही, तर मिरची तोडायला आंध्रात जाणं आलं. मागल्या खेपेला तिकडे पोरगी तापानं जाता जाता वाचली होती.

"यंदा पास व्हाचंच," सुकलूची बायको बायनाबाई म्हणाली. "पोरीले मी पुन्हा तिकडं नेत नाई."

ती सातवी शिकलेली. गावातल्या मास्तरांकडून तिनं सगळं समजून घेतलं. संध्याकाळी चुलीपाशी दोघं बसत.

"'सी' म्हणजे?" सुकलू विचारायचा.

"आपोआप दिसते थे. बांधावरून जाता जाता मोर दिसला, थे 'सी'."

"अन् 'लुक'?"

"मुद्दाम नजर लावून पाहाचं. झुडपात कान हालल्यासारखा वाटला अन् थांबून पाह्यलं, थे 'लुक'. टुरिस्टले आधी 'लुक' म्हणाचं. त्यानं 'लुक' केलं तरच त्याले वाघ 'सी' होते."

"अन् वाघ पाण्यात बसला, आपण पाहतच राह्यलो, तं?"

"थे तिसरंच. 'वॉच'."

सुकलू मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचा. बायनाबाई चिडायची नाही. मोहफुलं वेचायला गेले की तो वाटेतला माग दाखवायचा, ती त्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते सांगायची. उन्हाळा असाच गेला.

परीक्षेच्या दिवशी सुकलूनं धुतलेला सदरा घातला. पोरीला घेऊन दोघं फॉरेस्टच्या ऑफिसात पोचले. बाकावर सगळे बाप्येच. पानठेलेवाला पत्रूही त्यांच्यात होता.

"सुकलूभाऊ, पुन्हा आले काय?" पत्रू हसला. "दोन्हीचा अर्थ पाहणंच ना?"

"यंदा नाई हुकत," सुकलू म्हणाला.

 बायनाबाईनं पोरीचे केस उगाच नीट केले.

दार उघडून गार्डनं नाव पुकारलं, "बायनाबाई सुकलू मडावी."

सुकलूनं पोरीला तिच्याकडून घेतलं. "जाय," तो म्हणाला. "आमी हावो इथीच."